पाहुणी सभासद

स्नेहलता हिवाळे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. टोकियोच्या एदोगावा भागातल्या या वसाहतीत मराठी घरं बरीच आहेत, आणि मंडळाच्या कार्यक्रमात नवीन आलेलं कोणीतरी त्यांना दरवर्षी तोच प्रश्न विचारतं.

"हिवाळे म्हणजे कुठले?"

"जालन्याचे."

"आणि चर्चला जाता?"

"हो. माझ्या पणजीपासून ख्रिस्तीच आहोत आम्ही."

"म्हणजे मूळचे मराठीच."

"अजूनही मराठीच," असं म्हणून ताई पुढच्या माणसाला वाढायला वळतात. आवाजात राग नसतो. ऐकून ऐकून सवय झालेली असते.

चर्चमध्ये त्यांना हाच प्रश्न उलट्या बाजूने यायचा. भारतीय असून ख्रिस्ती कशा? जपानला आल्यावर झालात का? ताईंची आई जालन्याच्या मिशन इस्पितळात नर्स होती. वडील शाळेत शिकवायचे आणि रविवारी उपासनेला पेटी वाजवायचे. पणजीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा एदोगावातलं हे चर्च बांधलंही गेलं नव्हतं. पण हे सगळं सांगायचं तर आधी इतिहास उलगडावा लागतो, आणि चहाचा कप हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

त्यांचे यजमान जयप्रकाश तोयोसूला एका आयटी कंपनीत आहेत. एका कॉन्ट्रॅक्टपुरते आले आणि राहिले. मुलगी मिताली इथेच शाळेत गेली. तिला मराठीत विचारलं तर ती जपानीत उत्तर देते. ताईंनी भाषा शिकून वृद्धसेवेची परीक्षा दिली आणि जवळच्या डे-केअर सेंटरमध्ये नोकरी धरली. पहिल्याच महिन्यात एका आजींनी अंघोळीच्या वेळी हात झटकून टाकला आणि "दुसरी कोणी पाठवा" म्हणून सांगितलं. गॅलरीत कपडे वाळत घालताना ताईंनी मला हे सांगितलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दुसरी आली. तिचे हात गार होते. पुढच्या आठवड्यात आजींनी मलाच बोलावलं."

चर्च स्टेशनच्या मागे आहे. दुमजली साधी इमारत, वर क्रूस, दारात सायकलींची रांग. पाळक ओकुमुरा, ज्यांना सगळे 'सेन्सेई' म्हणतात, अगदी मृदू माणूस. पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर एका बाईंनी ताईंना हळूच सांगितलं, "दुपारी इथेच इंग्रजी उपासना असते. फिलिपिन्सचे, आफ्रिकेचे लोक येतात. तिथे तुम्हाला मोकळं वाटेल."

"मला इथेही मोकळं वाटतंय," ताई म्हणाल्या.

बाई हसल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं, वेगवेगळ्या तोंडांनी, त्यांना दुपारच्या उपासनेची आठवण करून दिली गेली. कोणी वाईट बोललं नाही. शरद ऋतूत चर्चच्या आवारात भरणाऱ्या बाजाराला त्यांनी करी करावी असा आग्रह असायचा. चर्चचं पत्रक छापायचं असलं की फोटोत त्यांना पुढे उभं करायचे. मात्र महिन्याच्या प्रभुभोजनाला भाकरीचं आणि लहान पेल्यांचं तबक बाकांमधून फिरवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. ते काम सभासद आळीपाळीने करतात. एकदा त्यांनी विचारलं, तर उत्तर आलं, "तुम्ही क्याकुइन आहात ना."

क्याकुइन म्हणजे पाहुणा सभासद. रविवारी यायचं, दान द्यायचं, कप विसळायचे. पण वार्षिक सभेत मत नाही आणि जबाबदारीचं कुठलंही पद नाही. सेन्सेईंनी समजावून सांगितलं, "तुमचं मूळ चर्च भारतात आहे. एक ना एक दिवस तुम्ही परत जाल. तुमच्यावर ओझं नको, म्हणून ही सोय." त्याच वर्षी ओसाकाहून बदली होऊन आलेलं एक जपानी जोडपं काही महिन्यांत पूर्ण सभासद झालं. तेही पुढे बदली होऊन गेलं.

ताईंसारखाच आणखी एक क्याकुइन होता, त्यांच्याही कितीतरी आधीपासूनचा. क्वाबेना ओसेई, घानाचा. चिबातल्या एका यार्डात जुन्या गाड्या सुट्या करायचं काम करायचा. उंच, खांद्याने रुंद, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. चर्चची गाडी तोच चालवायचा. ज्या म्हाताऱ्यांना स्टेशनपर्यंत चालवत नसे त्यांना घरून आणायचा आणि परत सोडायचा. छप्पर गळलं की वर चढायचा. मोठ्या भूकंपात शेजारच्या उरायासू शहराची जमीन चिखल होऊन वर आली, तेव्हा तो आठवडाभर फावडं घेऊन सभासदांच्या घरांतून चिखल उपसत होता. लोक त्याच्याबद्दल प्रेमाने बोलत. पण गाडीत त्याच्या शेजारची सीट शेवटी भरायची, हेही ताईंनी पाहिलं होतं. म्हणून त्या गेल्या की मुद्दाम तिथेच बसायच्या.

त्याचं लग्न फार पूर्वी मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. त्याची आणि ताईंची गाडीतली मैत्री. तो घानाच्या गावाबद्दल सांगायचा, ताई जालन्याबद्दल. चर्चबद्दल मात्र दोघं बोलत नसत. बोलण्यासारखं काय आहे ते दोघांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षाच्या आधीच्या हिवाळ्यात क्वाबेनाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. उशीर झाला होता. इस्पितळात ताई कामावरून थेट जायच्या, त्याचे ओठ ओले करायच्या, पायांना तेल लावायच्या. एका दुपारी तो म्हणाला, "मला गावी पाठवू नका."

"भाऊ आहे ना तुझा तिकडे?"

"भाऊ आहे. पण गावात मला ओळखणारे आता कबरीतच आहेत. इथे निदान रविवारी मला नावाने हाक मारणारी माणसं आहेत. मला चर्चच्या थडग्यात ठेवा. सेन्सेईंना तू सांग. मी सांगितलं तर ते 'आधी बरे व्हा' म्हणतील."

चर्चचं थडगं चिबातल्या एका टेकडीवर आहे. जपानमध्ये दहन होतं. अस्थींचा कलश एका मोठ्या दगडाखालच्या कोठडीत ठेवतात आणि बाजूच्या शिळेवर नाव कोरतात. एकाच कोठडीत सगळे. ईस्टरला मंडळी तिथे जाऊन गीतं म्हणते. गेली कित्येक वर्षं त्या टेकडीवरचं गवत क्वाबेनाच कापत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी तो गेला. अंत्यविधी चर्चमध्ये झाला, मी गेले होते. हॉल भरला होता, पुष्कळ जण रडत होते. सेन्सेई त्याच्याबद्दल इतकं सुंदर बोलले की मला वाटलं पुढचं सगळं सहजच होईल. भावाने फोनवर सांगितलं होतं, "तो म्हणाला तसं करा. तुम्ही त्याचे आहात." कलश तात्पुरता सेन्सेईंच्या खोलीत ठेवला गेला.

आणि तिथेच राहिला. मार्चमध्ये ताईंनी विचारलं तर सेन्सेई खाली बघत म्हणाले, "कार्यकारिणीत विषय निघाला होता. आम्ही विचार करत आहोत."

घरी येऊन ताईंनी हे सांगितलं तेव्हा मिताली जेवता जेवता थांबली. "आई, विचार करतोय म्हणाले? म्हणजे नाही."

"असं कसं नाही?"

"नाहीच असतं ते. तुला इतक्या वर्षांत कळलं नाही?"

ताई दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीचे प्रमुख ताजिमा यांना भेटायला गेल्या. ताजिमा निवृत्त शिक्षक. चर्चची घंटा, हिशेब, बाग सगळं पाहणारे. त्यांनी ताईंना चहा दिला आणि अडचण अगदी सौजन्याने मांडली. पहिली गोष्ट, थडगं पूर्ण सभासदांसाठी आहे. दुसरी, तिथे ज्यांचे कलश आहेत त्यांच्या घरची सगळीच माणसं ख्रिस्ती नाहीत. ती वर्षातून दोनदा फुलं घेऊन येतात. शिळेवर असं नाव दिसलं तर त्यांना प्रश्न पडेल.

"कसला प्रश्न?"

ताजिमांनी ताईंचा कप पुन्हा भरला. "हिवाळे-सान, मला स्वतःला काहीच वाटत नाही. मी इतरांच्या भावनांचा विचार करतोय. त्याच्या देशाचे लोक उद्या मोठ्या संख्येने तिथे येतील, गातील. जागा शांत आहे."

"अंत्यविधीला त्याच्या देशाचे चार लोक आले होते. मागच्या बाकावर बसले होते."

"मी कोणाला दुखवायला बोलत नाहीये," ताजिमा म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच दुखावलेला होता.

त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या, झालेलं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "मेधा, हे मी आधी पाहिलंय. फक्त तेव्हा बोलणारे मराठी होते."

वडिलांच्या गावची गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली. त्या गावात दोन वस्त्यांमधले लोक ख्रिस्ती झाले होते. दोन्ही वस्त्या गावकुसाबाहेरच्याच. तरी एक स्वतःला दुसरीच्या वर समजायची. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, सगळे एका चटईवर बसत. पाळक एकच, गीतं एकच. पण कब्रस्तानात मधोमध निवडुंगाचं कुंपण होतं. ताईंचे आजोबा त्या कुंपणाच्या खालच्या बाजूला आहेत. तिथे पावसाचं पाणी साचतं.

"सगळी मंडळी म्हणायची, जात मागे टाकून आलो. आणि आजोबांना पुरायला खालच्या अंगाला नेलं. वडील तेव्हा काही बोलले नाहीत. नंतर आयुष्यभर पेटी वाजवत राहिले, पण त्या गावच्या देवळात परत गेले नाहीत."

एप्रिलमध्ये वार्षिक सभा असते. क्याकुइनना मागे बसता येतं. बोलायचं तर अध्यक्षांची परवानगी लागते. ताईंनी आदल्या दिवशी काय बोलायचं ते मितालीसमोर म्हणून दाखवलं. मितालीने वाक्यं दुरुस्त केली, प्रत्येक वाक्याला 'क्षमा असावी', 'धृष्टता होतेय' असं जोडलं.

"इतकं नम्र नको," ताई म्हणाल्या.

"मग उद्धट वाटेल."

"वाटू दे थोडं."

सभेत मागच्या वर्षाचा अहवाल झाला, छपराच्या दुरुस्तीचा विषय झाला. शेवटी सेन्सेईंनी ओसेई-सान यांच्या अस्थींचा विषय काढला आणि तो पुढच्या वर्षापर्यंत अभ्यासासाठी ठेवावा असं सुचवलं. ताईंनी हात वर केला. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली.

त्या उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं की पाठ केलेलं पहिलंच वाक्य त्या विसरल्या. मग त्यांनी त्यांच्या रोजच्या, म्हाताऱ्यांशी बोलायच्या जपानीत सांगायला सुरुवात केली. आजोबांचं सांगितलं, कुंपणाचं सांगितलं. "आमच्या गावातही कोणी वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जण दुसऱ्याच्या भावना जपत होता. वरच्या बाजूच्यांना वाईट वाटू नये म्हणून आजोबांना खाली पुरलं." मग त्या म्हणाल्या, "क्वाबेना-सानचं शरीर तुम्ही इथे आणलंत, त्याच्यासाठी रडलात. मी पाहिलंय. पण त्याचं नाव तुम्हाला दगडावर नको आहे. मला एवढंच विचारायचं आहे, की उद्या मी मेले तर मला कुठे ठेवाल? मी परत जाणार नाहीये."

ताजिमा टेबलाकडे बघत होते. सेन्सेईंनी प्रार्थनेने समारोप करायचा म्हणून हात जोडले, तेवढ्यात पुढच्या बाकावरून मोरिता आजी उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, उरायासूच्या. त्यांच्या घरातला चिखल क्वाबेनाने काढला होता, आणि त्यांना दर रविवारी तोच गाडीतून आणायचा. सभेत त्या कधी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"त्या थडग्यात परदेशी माणूस आधीपासून आहे," आजी म्हणाल्या.

लोकांना वाटलं, आजींचा काही गोंधळ होतोय. शेजारच्या बाईंनी त्यांना बसवायला हात पुढे केला.

"माझे यजमान. त्यांचं नाव मोरिता नव्हतं. पाक होतं. पाक सोंग-हो. मीही कोरियनच आहे. इथेच जन्मलो दोघं. घर मिळावं, काम मिळावं, मुलाला शाळेत त्रास होऊ नये म्हणून मोरिता झालो. मरेपर्यंत त्यांच्याकडे जपानी पासपोर्ट नव्हता. जुन्या पाळकांना माहीत होतं, ते कोणाला बोलले नाहीत. आम्हाला पूर्ण सभासद केलंत, कारण तुम्ही कधी विचारलं नाही, आणि आमच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं." आजींना धाप लागली होती, पण त्या बसल्या नाहीत. "तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्यांच्या नावापुढे फुलं ठेवलीत. शांतता मोडली का?"

एक बाई रडत होत्या. मागे कोणीतरी उठून बाहेर गेलं. शेवटी सेन्सेईच बोलले, आणि त्यांचा तो मृदू आवाज फाटला होता. ते म्हणाले, "हा विषय पुढे ढकलायची सूचना माझी होती. मी ती मागे घेतो. मी घाबरलो होतो."

त्याच दिवशी मतदान झालं. ताईंना मत नव्हतं; त्या स्वयंपाकघरात जाऊन कप विसळत राहिल्या. कलश थडग्यात ठेवायचा ठराव मंजूर झाला, एकमताने नाही. काही जणांनी विरोधात मत दिलं, ताजिमांनी कोणाच्याच बाजूने दिलं नाही. एक जुनं कुटुंब त्यानंतर चर्चला आलं नाही. त्यांनी भांडण केलं नाही, नुसतं येणं थांबवलं. सेन्सेई दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले, दार उघडलं गेलं, चहा मिळाला, एवढंच.

जूनमध्ये, रिमझिम चालू असताना, कलश टेकडीवर नेला. गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं, कापणारा नव्हता. ताजिमा सगळ्यांच्या आधी येऊन विळ्याने वाट करत होते, त्यांची पँट पोटऱ्यांपर्यंत भिजली होती. त्यांनी ताईंना वाकून नमस्कार केला, ताईंनीही केला. बोलणं झालं नाही. क्वाबेनाच्या देशाचे लोक आले, आणि त्यांनी खरोखर गायलं, मोठ्याने, टाळ्या वाजवून. जपानी मंडळी आधी छत्र्या धरून ताठ उभी होती. मोरिता आजींनी ओल्या दगडाला धरून ठेका धरला, मग आणखी दोघीतिघींनी. सगळ्यांनी नाही. शिळेवर क्वाबेना ओसेई असं काताकानात, परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, कोरलं होतं.

त्यानंतर ताईंनी पूर्ण सभासदत्वासाठी अर्ज केला. जालन्याच्या चर्चने त्यांना आपल्या सभासदत्वातून आनंदाने मोकळं केलं. इथे मात्र निर्णयाला पुढचा वसंत उजाडला. पाहुणा सभासद हा प्रकार ठेवायचा की नाही यावर अजून चर्चा चालू आहे. दुपारच्या इंग्रजी उपासनेला येणारे बहुतेक सगळे अजून क्याकुइनच आहेत. ताई दर सभेत त्यांचा विषय काढतात. लोकांना त्याचा कंटाळा आलेला दिसतो.

त्या पहिल्यांदा प्रभुभोजनाचं तबक घेऊन निघाल्या त्या रविवारी त्यांनी मला बोलावलं होतं. मी मागे बसले होते. पांढरी साडी, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. त्या बाकाबाकाशी थांबत होत्या, लोक भाकरीचा तुकडा उचलत होते. एका वृद्ध गृहस्थांनी डोळे मिटूनच ठेवले आणि हात मांडीवरून हलवला नाही. ताई त्यांच्यापाशी थांबल्या, इतरांपाशी थांबल्या त्याहून जरा जास्त. मग पुढे गेल्या.

परतताना सायकल हातात धरून आम्ही चालत निघालो. मी त्या गृहस्थांबद्दल विचारलं.

"कदाचित प्रार्थना करत असतील," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला तसं वाटतं?"

"नाही." थोडं चालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माझी पाळी नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आहे. मी परत त्यांच्यापाशी थांबेन."

मोरिता आजींची इच्छा होती की यजमानांचं खरं नाव शिळेवर मोरिताच्या शेजारी कोरावं. मुलगा तयार झाला नाही. त्याची नोकरी आहे, मुलं शाळेत आहेत. आईने सभेत जे केलं त्यामुळे तो आधीच नाराज आहे. आजींनी हट्ट धरला नाही. आता ताई त्यांना गाडीने टेकडीवर घेऊन जातात. दोघी फुलं ठेवतात, आणि आजी ते नाव मोठ्याने उच्चारतात. ताईंना त्यातला एक स्वर नीट जमत नाही. आजी त्यांना परत परत म्हणायला लावतात.